सासूबाईंचा चढ आणि डिफरन्शियलचे तेल

माझ्या सासूबाईंजवळ दोन आसनांची एक लाल स्पोर्ट्स कार आहे. सासऱ्यांच्या पश्चात घरातील पुष्कळ वस्तूंची वाटणी झाली. परंतु या गाडीची किल्ली सासूबाईंनी कोणाच्या हाती लागू दिली नाही. गाडी इतकी ठेंगणी आहे की तीत बसणे म्हणजे जमिनीशी सलगी करणे होय. सत्तरी ओलांडूनही त्या ती स्वतः चालवितात.

काही दिवसांपासून मात्र सावकाश वळताना गाडीच्या मागील भागातून घर्र घर्र असा ध्वनी निघू लागला. माझे मेहुणे, म्हणजे सासूबाईंचे एकुलते चिरंजीव, यांनी तो ऐकून तत्काळ निकाल दिला.

"आई, गाडी संपली आता. गिऱ्हाईक बघून ठेवलंय मी. रविवारी येतो. आवाज आला तर विकायची."

"आणि नाही आला तर?"

"तर पुन्हा विषय काढणार नाही."

माझे स्वतःचे गॅरेज असल्यामुळे सासूबाईंनी गाडी माझ्या दारी आणून उभी केली. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझे पाय तुमच्या हातात आहेत."

वाचकांस येथे थोडे विवरण देणे आवश्यक आहे. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावे लागते व आतल्यास कमी. ही तफावत सांभाळणारी दातेरी चक्रांची पेटी मागच्या दोन चाकांमध्ये असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. साध्या गाडीचे एक चाक सैल जमिनीवर सापडले की सर्व शक्ती त्याच चाकात वाया जाते, आणि दुसरे हातावर हात धरून बसते. म्हणून स्पोर्ट्स कारच्या पेटीत चकत्यांची एक चळत बसविलेली असते, जी दोन्ही चाकांना एकमेकांशी धरून ठेवते. या चकत्यांना घट्ट धरताही यावे आणि वळणावर अलगद सुटताही यावे, यासाठी जाड गिअर ऑइलमध्ये एक लहान बाटली निसरडे औषध मिसळावे लागते. सासूबाईंच्या गाडीत कोणा घाईच्या माणसाने नुसतेच साधे तेल भरले होते.

ते तेल मी काढले. त्याचा दर्प असा की आमच्या सौभाग्यवतीने माझे ताट अंगणात मांडले. नंतर योग्य तेल व औषधाची एक बाटली घातली. हे मिश्रण चकत्यांत मुरावे म्हणून गाडी आठच्या आकड्यात फिरवावी लागते. बंद कारखान्याच्या मोकळ्या आवारात सासूबाई आठ काढीत राहिल्या व मी शेजारी बसलो.

"जावईबापू, डोळे का मिटलेत? देवाचं नाव घेताय?"

"नाही आई, पोट सांभाळतोय."

घरघर गेली, केवळ अगदी तीव्र वळणावर किंचित कुरकुर उरली. वस्तुतः हेच योग्य होते व जाणत्याने येथेच हात आवरावा. परंतु मेहुण्यांचे कान तिखट आहेत या भयाने मी रविवारी सकाळी, कोणास न सांगता, औषधाची दुसरी बाटलीही ओतली. कुरकुर समूळ नाहीशी झाली.

मेहुणे आले. सासूबाईंनी आपल्या घराखालच्या रस्त्यावर गाडी वळवून दाखविली. ते कान देऊन उभे राहिले. काहीही ऐकू आले नाही.

"मानलं भावोजी," ते काहीसे हिरमुसून म्हणाले.

सासूबाई प्रसन्न मुद्रेने घराकडे वळल्या. त्यांचे घर उंचावर असून तेथवर सुट्या खडीचा वळणदार चढ आहे. वळणावर एक चाक गरगर फिरू लागले, खडी मेहुण्यांच्या पायांपर्यंत उडाली, आणि गाडी हळूहळू मागे घसरत खाली आली.

"आवाज गेला," मेहुणे म्हणाले, "आणि गाडीचा जीवही."

सासूबाईंनी हँडब्रेक ओढला. "जावईबापू, काय घातलंत?"

"औषधाची दुसरी बाटली. चकत्या आता धरतच नाहीत, नुसत्या सुटतात."

"पहिलीनं भागलं नव्हतं?"

"भागलं होतं. थोडी कुरकुर होती. म्हटलं, ह्यांनी ऐकली तर तुमची गाडी जाईल."

"म्हणजे ह्याच्या कानासाठी माझी चाकं ढिली केलीत." मग त्या चिरंजीवांकडे वळल्या. "तू कुरकुरीवर गाडी विकणार. मी तर दिवसभर कुरकुरते. मला कुठे नेऊन विकणार आहेस?"

"आई, अट अट असते. कुरकुर परत आली की विकायची."

"असू दे. तेल बदलू दे, मग शेजारी बस आणि वर जाऊन बोल."

गॅरेजात तेल पुन्हा बदलले. गळणारे जुने तेल झेलावयास तबक धरून मेहुणेच होते, त्यामुळे तो सुगंध त्यांच्या अंगासही लाभला. या वेळी एकच बाटली. मग कारखान्याच्या आवारात आठ काढताना शेजारी तेच बसले. उतरले तेव्हा त्यांचा रंग उतरलेला होता. मी पुढे जाऊन चढाच्या माथ्यावर उभा राहिलो.

गाडी वळणावर आली. किंचित कुरकुरली. मग दोन्ही चाकांनी खडी घट्ट धरली व ती सरळ वर येऊन माझ्यापाशी थांबली. मेहुणे काही बोलणार, तोच त्यांचा फोन वाजला. गिऱ्हाईकच होते.

"नाही हो, विकायची नाही," ते म्हणाले. "आवाज? अहो, तो बिघाड नसतो. चकत्या धरतात त्याचा असतो. तो अजिबात आला नाही तर समजायचं, औषध जास्त झालं. नाही, सगळ्यांना नाही कळत ते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहून भुवई उंचावली. मेहुण्यांचे भाषण संपण्याची वाट न पाहता त्यांनी गाडी वळविली व चिरंजीवांसह पुन्हा खाली नेली, केवळ परत वर चढावयास मिळावे म्हणून.