शनिवारची पेटी

मित्रांनो, शाळेत तुम्हाला जुन्या छत्रीचे, फाटक्या पुस्तकाचे, मोडक्या बाकाचे मनोगत लिहायला सांगतात. माझे कोणी सांगत नाही. सांगू नये तेच बरे, असे मलाही पुष्कळदा वाटते. मी एक जुनी शीत शवपेटी आहे. माणूस गेल्यावर त्याची दूरदेशी असलेली मुले येऊन पोहोचेपर्यंत त्याला थंडाव्यात जपून ठेवायचे, हे माझे काम. लगेच पान उलटू नका. मला गोष्ट सांगायची सवय नाही. कुठे अडखळेन, कुठे नको ते बोलून जाईन. पण ही गोष्ट माझ्याहून जास्त बर्नादेत टीचरची आहे, आणि ती सांगायला माझ्याशिवाय कोणी उरलेले दिसत नाही.

माझा जन्म घाटावरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या शेजारी आइस्क्रीमचे फ्रीज तयार होत होते. त्यांच्या आणि माझ्या पोटातले यंत्र एकाच जातीचे. त्यांच्यावर रंगीत चित्रे चिकटवली गेली, माझ्यावर काहीच नाही. डोक्याकडच्या भागाला मात्र मला काच मिळाली, आतला चेहरा दिसावा म्हणून. पायाकडचा भाग पत्र्याचा आणि त्याला वेगळे झाकण. मग टेम्पोत घालून मला घाटाखाली आणले आणि मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावातल्या सेवा क्लबाच्या दारात उतरवले.

क्लबाने मला का मागवले, हे मला टीचरकडूनच कळले. टीचरचा नवरा पेद्रू ऐन उन्हाळ्यात गेला. मुलगा क्लेटन कुवेतला. त्याला विमान मिळेपर्यंत थांबणे शक्य नव्हते, आणि पेद्रूला संध्याकाळीच चर्चमागच्या दफनभूमीत न्यावे लागले. क्लेटन दुसऱ्या दिवशी पोहोचला. बापाचा चेहरा नाही, ओली माती बघितली. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, "मम्मा, पप्पा खरोच गेलो मां?" ते वाक्य टीचरच्या मनातून कधी गेले नाही.

टीचर क्लबाची सभासद होती. क्लबाचे अध्यक्ष दरवर्षी बदलत, पण गाडा हाकायचा तो गुरुदास. त्याचे बाजारात लोखंडी सामानाचे दुकान होते आणि लहानपणी तो टीचरच्याच वर्गात शिकला होता. एका सभेत बाहेरगावचे पाहुणे 'सेवेतून समाधान' या विषयावर बोलले. टाळ्या झाल्या, पुष्पगुच्छ झाला, आणि कोणाला काही विचारायचे आहे का, असे म्हणताच टीचर उभी राहिली. आपल्या क्लबाने शवपेटी घ्यावी, असे ती म्हणाली.

गुरुदास गडबडला. "टीचर, लोक काय म्हणतले? क्लबान आता मरणाची सोय केल्यानी?"

"डोळ्यांचो कॅम्प घेतलास, म्हणान गावात कोण आंधळो झालो रे?" टीचरने विचारले.

सगळे हसले, आणि हसता हसता ठराव पास झाला.

माझ्या लोकार्पणाच्या दिवशी शाळेला पाण्याचा कूलरही द्यायचा होता. प्रमुख पाहुण्यांनी कूलरची फीत कापली, कूलरचे पाणी प्याले, कूलरच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. माझ्याजवळ आल्यावर त्यांना एकाएकी दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. माझी फीत तशीच राहिली. शेवटी टीचरने पर्समधली शिवणाची कात्री काढली आणि ती कापली. फोटोवाला तोपर्यंत जेवायला गेला होता.

मग मला ठेवायचे कुठे, हा प्रश्न आला. गुरुदासचे गोदाम म्हणजे धंद्याची जागा. दुसऱ्या एकाकडे लग्नाची मुलगी. तिसऱ्याकडे वृद्ध आई. टीचर म्हणाली, "माझ्या पडवेत जागा आसा. पेद्रूची स्कूटर भंगारात दिलंय." अशी मी तिच्या घरी राहायला गेले.

माझी कामाची वर्षे तिथूनच मोजायची. गंगाराम नावाचा टेम्पोवाला मला गावोगाव नेई. एरवी तो काजूची पोती वाहायचा. "ह्या भाड्याक कटकट नाय," तो म्हणे. "पॅसेंजर गप, वाटेत थांबा म्हणूचो नाय." वालावलला एका आजीला मी मुंबईची नातवंडे येईपर्यंत सांभाळले. एका मच्छीमाराला त्याचा भाऊ बोटीवरून उतरून येईपर्यंत. माणसे माझ्या काचेवर हात ठेवत, कपाळ टेकत. "झोपल्यासारखी दिसता गो," असे कोणी म्हणाले की मला बरे वाटे. बरे वाटणे हा शब्द इथे शोभत नाही, पण दुसरा मला सापडत नाही.

माझ्यासारख्या यंत्राचा एक स्वभाव असतो. ते अधूनमधून चालवावे लागते. खाऱ्या हवेत नुसते पडून राहिले की ते आतून मरते. म्हणून टीचर दर शनिवारी मला तासभर चालू करी. गावात मात्र असे बोलले जाई की रिकामी पेटी चालू केली तर ती कोणाला तरी बोलावते. शेजारची माणसे शनिवारी पडवीसमोरून जाताना भराभर पावले उचलत. टीचर त्यांना ऐकू जाईल असे म्हणे, "बोलावता तर बोलावूं दे. माझोच नंबर आसा."

मी नीट थंड होते की नाही हे पाहायला ती माझ्या पायाकडच्या कप्प्यात कोकम सरबताची बाटली ठेवी. बाहेर काढल्यावर बाटलीवर दव धरलेले दिसले की मी पास. ते सरबत प्यायला गावातला एकच माणूस तयार असे, तो गंगाराम.

"तुका भय नाय दिसत?" टीचर विचारी.

"सरबताक कसला भय? साखर मात्र कमी घालतास."

तो गेल्यावर ती माझ्याजवळ खुर्ची ओढून बसे. "क्लेटनाक बापाशीचा तोंड बगूक गावला नाय," ती मला सांगे. "माझा तरी गावूं दे. तेवढा कर गो." मी घुमत राही.

भाद्रपदात एका शनिवारी तिने बाटली आत ठेवली आणि गंगारामला हाक मारायला ती अंगणात उतरली. शेवाळावरून पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले. गंगाराम धावत आला, त्याने तिला टेम्पोत घालून कुडाळला नेले. मागून कोणीतरी माझी वायर ओढून काढली. बाटलीची आठवण कोणाला राहणार?

टीचर घरी परतली ती अंथरुणावरच. सेवेला भाची जॉयसी आली. घरात आजारी माणूस आणि पडवीत मी, हे जॉयसीला बघवेना. तिचा राग मला कधी आला नाही. मला क्लबाच्या हॉलमध्ये हलवायचे ठरले. निघताना टीचरने गुरुदासला खाटेजवळ बोलावले.

"दर शनवारी एक तास. इसारशीत?"

"तुमी काळजी करू नकात, टीचर. मी आसय मां."

पहिल्याच शनिवारी गंगाराम हॉलमध्ये आला आणि माझी वायर उलगडू लागला. गुरुदासने त्याचा हात धरला.

"नको रे. टीचर थंय खाटेर आसत. आणि तू हंय रिकामी पेटी चालू करतंस?"

"तेंनीच सांगितल्यानी मां."

"तेंनी सांगितल्यानी. पण तेंका काय झाला तर? तू घेतलंस आपल्या डोक्यार?"

गंगाराम वायर हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने ती गुंडाळून ठेवली. मित्रांनो, गुरुदास वाईट माणूस नव्हता. दर आठवड्याला तो टीचरकडे शहाळे घेऊन जाई. "पेटी चलता मां?" असे ती विचारी तेव्हा तो "होय" म्हणे. हे मला गंगारामच्या बोलण्यातून कळले. टीचर जगावी म्हणूनच त्याने मला बंद ठेवले. दुष्टपणाने कोणी माझे वाटोळे केले असते तर ते सांगायला सोपे गेले असते.

हॉलमध्ये मी व्यासपीठाच्या बाजूला होते. येणाऱ्यांना मी दिसू नये म्हणून माझ्यावर एक नक्षीदार चादर घातली गेली. चादर घातल्यावर मी टेबलासारखी दिसू लागले आणि थोड्याच दिवसांत टेबल झाले. पाहुण्यांचे पुष्पगुच्छ माझ्यावर, शाली आणि नारळ माझ्यावर, सामोशांच्या बशाही माझ्यावर. एका सभेत एक डॉक्टर ज्येष्ठांची काळजी या विषयावर फार छान बोलले. त्यांनी आपला पाण्याचा ग्लास माझ्यावर ठेवला होता. खाली उंदीर माझी वायर कुरतडत होते. समुद्राकडच्या खिडकीतून खारा वारा येई आणि माझ्या नळ्यांना गंज चढत जाई. त्या शनिवारांना कोणी आले नाही. गरज पडली तरी लोक आता कुडाळला आलेली नवी पेटीच नेत.

ईस्टर होऊन गेल्यावर, उन्हाचा तडाखा सुरू असताना टीचर गेली. पहाटे गेली, झोपेतच. जॉयसीने क्लेटनला फोन लावला. तो म्हणाला, मी निघतो, मम्माला पेटीत ठेवा.

गुरुदास आणि गंगाराम हॉलमध्ये आले. चादर ओढली गेली. गंगारामने वायरला चिकटपट्टी गुंडाळली, गुरुदासने बटण दाबले. मी घुमण्याचा प्रयत्न केला. एक खरखर, एक टकटक, आणि जळका वास. पुन्हा दाबले. पुन्हा तेच. मेकॅनिक आला, पाठीमागचा पत्रा काढून त्याने आत पाहिले आणि पत्रा परत लावला. "गॅस उडालो. नळी सडली. ह्याच्यात आता काय एक उरूक नाय," तो म्हणाला.

कुडाळहून दुसरी पेटी मागवली, तर ती वैभववाडीकडे एका घरी गेलेली. गंगाराम बंदरावर जाऊन मासळीचा बर्फ घेऊन आला. लाद्या फोडल्या, पोत्यात भरल्या, खोलीभर पाणी आणि मासळीचा वास. दुसऱ्या दिवशी दुपारी फादरनी जॉयसीला बाजूला घेऊन हळू आवाजात समजावले. पेद्रूच्या शेजारी टीचरला जागा दिली. क्लेटन गोव्याच्या विमानतळावर उतरला तेव्हा सांज झाली होती.

सकाळी तो गंगारामबरोबर हॉलमध्ये आला. गुरुदास आधीच येऊन बसला होता. तो उठून पुढे आला.

"क्लेटन, टीचरांका काय होव नये म्हणान आमी ती चालू करूक नाय रे."

क्लेटनने माझ्या काचेवरून हात फिरवला. मग पायाकडचे झाकण उघडले. इतक्या महिन्यांत ते कोणीच उघडले नव्हते. आत बाटली होती. सरबत काळे पडले होते, वर बुरशीची साय धरली होती.

"ह्या काय?"

गंगारामने मान खाली घातली. "माझो वाटो. शनवारचो. तुझी आवस देय माका."

क्लेटनने बाटली दोन्ही हातांत धरली. झाकण उघडले नाही. तशीच रुमालात गुंडाळून घेतली आणि तो बाहेर गेला. ज्या बाटलीला त्याच्या आईचे हात शेवटचे लागले होते, तीच त्याला मिळाली. चेहरा दुसऱ्यांदाही मिळाला नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही कुठेतरी माझ्यासारखी एक पेटी असेल. शाळेच्या अडगळीत, ग्रामपंचायतीच्या खोलीत. मोठी माणसे तिच्याकडे पाहायला नको म्हणतील. त्यांना जाऊन सांगा, तिच्यावरची चादर काढा, तिला अधूनमधून तासभर चालू करा, आत पाण्याची बाटली ठेवून बघा. ती कोणाला बोलावत नाही. जो गेला त्याला, जो वाटेत आहे त्याच्यासाठी, थोडा वेळ थांबवते. याहून जास्त तिला काही येत नाही. मी सांगितलेले तुम्हाला पटेल की नाही, कोण जाणे.

मला अजून भंगारात दिलेले नाही. सभा होतात, पाहुणे बोलतात, पण माझ्यावर आता कोणी काही ठेवत नाही. दर शनिवारी गुरुदास दुकान बंद करून येतो, माझी वायर लावतो, बटण दाबतो आणि खुर्ची ओढून तासभर बसतो. मी चालू होत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तास झाला की तो वायर नीट गुंडाळून ठेवतो.