घरी काढलेला स्कोअर

"सुईकडे बघत बसू नकोस. कापड जातंय कुठं, ते बघ."

माहेरी शिलाई मशीनवर पहिल्यांदा बसवताना आईनं सांगितलेलं हे तिला नेमकं आत्ता आठवलं. तिनं आपल्या इवल्याशा विमानावरची नजर काढून पडद्याच्या वरच्या कडेला नेली. तिथून पाखरांचा पुढचा थवा सुटत होता. या जुन्या गेम मशीनचा दांडा झिजून ढिला झालेला. जोर लावला की विमान हवं त्याच्या पुढं जाऊन आपटायचं. पहिला डाव त्यातच गेला होता. आता तिनं दांडा दोन बोटांत, रेशमी कापड धरावं तसा अलगद धरला.

मागे सासरे नातीला खांद्यावर घेऊन उभे होते. गेम पार्लर त्यांचं, मशीन त्यांचं आणि भिंतीवरच्या फळ्यावर सगळ्यांत वरचा स्कोअरही त्यांचाच. ऐन तरुणपणी काढलेला. आज पार्लरला सुट्टी होती, तरी शेजारच्या दुकानातले घड्याळजी आणि निवृत्त मास्तर हजर होते. त्या फळ्यावर खालच्या ओळींत त्या दोघांचेही स्कोअर होते, मास्तरांचा अगदी शेवटच्या ओळीत, आणि ते दोघंही ते जिवापाड जपत.

वादाला तोंड फुटलं होतं ते सुनेच्या लॅपटॉपवरून. जुन्या मशीनचा खेळ जसाच्या तसा चालवणारा एम्युलेटर तिनं त्यावर घातला होता, आणि वरच्या मजल्यावर, घरात बसून, सासऱ्यांचा स्कोअर मागे टाकला होता.

"ते खेळणं गं," सासरे म्हणाले होते. "मनात आलं की थांबवायचं, मेलं की मागं जाऊन पुन्हा सुरू. त्याला कोण विचारतो?"

"थांबवलेला नाही, बाबा. पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड केलाय. बघा तरी."

त्यांनी चष्मा लावून सगळा डाव बघितला होता. कुठं खंड नव्हता. मध्येच तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं. विमान मात्र जराही डगमगलं नव्हतं.

"ही रडत होती, तेव्हा तू काय केलंस?"

"पायानं पाळणा हलवला."

सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला होता. मग म्हणाले होते, "ते असू दे. ज्याला फळ्यावर यायचंय, त्यानं माझ्या मशीनवर यावं."

म्हणून ती आली होती.

"पहिला डाव बघितलात ना?" मास्तर घड्याळजींच्या कानाशी लागले. "घरचे वाघ असेच असतात."

"हळू बोला हो, हात हलेल तिचा."

"अहो, लाडक्या पुतणीसारखं करताय! तिनं काढला तर तुम्ही एक ओळ खाली जाल."

"तुम्ही तर फळ्यावरूनच जाल," घड्याळजी म्हणाले.

पाखरं आता दोन्ही बाजूंनी उतरत होती. तिची बोटं मात्र घाई करत नव्हती. डावा थवा तिनं जवळ येऊ दिला, आणखी जवळ येऊ दिला, आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याच्या पोटाखालून निसटून मागून टिपला. घड्याळजींच्या तोंडून "वा!" निघून गेलं. सासरे नातीला थोपटत होते. थोपटता थोपटता त्यांचा हात खेळाच्या ठेक्यात पडू लागला. आपला स्कोअर जवळ येताना त्यांना दिसत होता.

आणि स्कोअर मागे पडला.

"पाणी पाजलं! सासऱ्याला सुनेनं पाणी पाजलं!" घड्याळजी ओरडले. पोर दचकून रडायला लागली. शेवटचं विमान फुटलं, तेव्हा सून मागे वळली. कपाळावर घाम होता आणि हसू आवरत नव्हतं. पोर तिनं आपल्याकडे घेतली.

सासऱ्यांनी खडू उचलला. "मिटला वाद. सांग, किती झाला?"

"वाद कुठं मिटला, बाबा? हा नका लिहू. घरचा लिहा."

"अगं, आता त्याची गरज काय?" मास्तर म्हणाले. "इथं काढलास की."

"आज मी हरले असते, तर तो खोटा ठरला असता?"

सासऱ्यांनी खडू खाली घेतला.

"हरली असतीस, तर मी म्हणालो असतो, बघा, सांगत नव्हतो?" सासरे सावकाश म्हणाले. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"बरं, मग घरचा लिहा," मास्तरांनी तोडगा काढला. "फक्त पुढे कंसात 'घरी' असं टाका."

"टाका की," ती पोरीचे डोळे पुसत म्हणाली. "मग बाबांच्या स्कोअरपुढेही टाका, 'घर आई सांभाळत होत्या'."

घड्याळजींना खोकल्याची उबळ आली. सासरे मात्र हसले नाहीत. ते फळ्याकडे बघत राहिले, स्वतःच्या त्या जुन्या ओळीकडे. मग त्यांनी ती ओळ तळहातानं पुसली, तिथं सुनेचा घरचा स्कोअर टपोऱ्या अक्षरांत लिहिला आणि आपला त्याच्याखाली. बाकीच्या ओळी पुसून एकेक खाली घेतल्या. कंस कुठंच नव्हता. मास्तरांची ओळ मावेना, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "पुसा हो. आम्ही पुन्हा काढू."

खडूचे हात झटकत सासरे तिच्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "ते लॅपटॉपवरचं... मला जमेल?"

"पहिल्या थव्यातच मराल."

"उद्या दुपारी येतो. हसायचं नाही."

"हसणार. आणि पाळणा तुम्ही हलवायचा, खेळता खेळता. कबूल?"

"कबूल."

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक होतं, तरी त्यांनी घड्याळजींना हाक मारली. "जरा पार्लरकडे बघा. मी घरी जाऊन येतो."

"काय काम काढलंत?"

"आहे एक," म्हणत ते जिन्याकडे वळले. वरून पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती. पहिल्या पायरीशी थांबून त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि आवाज न करता वर चढू लागले.