नेमानीचा डबा

नेमानी ऑस्ट्रेलियातल्या कत्तलखान्यात तीन वर्षं राबून गावी परतला. त्यानं सुटलेलं पोट आणलं असतं, सोन्याचा दात बसवून आणला असता, फार काय गोरी बायको आणली असती, तरी इसिकेलीनं हसून त्याच्या गळ्यात हार घातला असता. पण नेमानीनं आणला स्पीकर. भाताच्या पातेल्याएवढा, करड्या कापडानं मढवलेला, ना वायर ना जनरेटर.

आणि स्पीकर म्हणजे इसिकेलीचा प्रांत. ओव्हालाऊ बेटाच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात एकोणीस वर्षं लग्न असो, मयत असो की चर्चची वर्गणी असो, आवाज इसिकेलीचा. कमरेएवढे दोन काळे डबे, एक अॅम्प्लिफायर आणि चाळीस हात वायर. इसिकेली काही सरदार घराण्यातला नव्हता. शिकलेला नव्हता, आणि त्याचं अळकुड्यांचं शेत पाहून कुणी थांबून दोन शब्द बोलावेत असंही नव्हतं. पण यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गावचं पेय, घोटून झाली की पहिली करवंटी गावप्रमुख वाइसाकेंना, दुसरी पाद्रीबाबांना, तिसरी सगळ्यांत म्हाताऱ्या कोळ्याला आणि चौथी इसिकेलीला. ही चौथी करवंटी म्हणजे त्याची जन्माची कमाई. ती घेण्याआधी रिवाजाची टाळी तो जरा जास्तच सावकाश वाजवायचा.

नेमानी त्याचा मामेभाऊ, अकरा वर्षांनी धाकटा. त्या गावात आते-मामे भावंडांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची आणि कुणी रागवायचं नाही, असा रिवाज. ते एकमेकांना 'तवाले' म्हणत. परतल्याच्या दिवशी दुपारी नेमानीनं सगळ्यांसमोर चटईवर तो डबा ठेवला, फोनवर बोट फिरवलं, आणि बायकांच्या हातातले पंखे थांबले. आवाज डब्यातून येत होता की चटईतून, कळेना.

"काय तवाले," इसिकेली म्हणाला, "तीन वर्षं गाई कापल्यास आणि शेवटी आणलंस काय, वासरू?"

"वासरू आहे, पण हंबरतं बघ कसं. तुझे दोन रेडे नुसते घोरतात."

लोक पोट धरून हसले. रिवाजाप्रमाणे इसिकेलीही हसला. घरी जाऊन त्यानं बायकोनं वाढलेला मासा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाइसाकेंनी त्याला बोलावणं धाडलं. सगळं गाव त्यांना मोमो, म्हणजे मामा, म्हणे. "पुढच्या महिन्यात सात गावांचे गायकमेळे आपल्याकडे येणार. कुणाचा आवाज लावायचा, तुझा की नेमानीचा? कान तुझे. तूच पारखून रविवारी सगळ्यांना सांग."

"मी सांगू, मोमो? माझे स्वतःचे डबे असताना?"

"म्हणून तर तुला विचारतोय. खोटं बोललास तर कळेल आम्हाला."

शनिवारी सकाळी दोघं रग्बीच्या मैदानावर गेले. इसिकेलीनं अकरा वर्षांपूर्वी ईस्टरला स्वतः टिपलेलं बायकांच्या मेळ्याचं गाणं लावायला सांगितलं. त्या गाण्याचा कण न् कण त्याला पाठ होता. पहिल्यांदा तो लांबच्या गोलच्या खांबांपर्यंत चालत गेला. त्याच्या डब्यांच्या जाड आवाजाचा इथवर येईस्तोवर चिखल व्हायचा. याचा झाला नाही. मग त्यानं समुद्राकडून वारा येतो तिथं उभं राहून ऐकलं. मग आवाज पूर्ण चढवायला लावला, की आता तरी फाटेल. फाटला नाही. तो फाटावा म्हणून इसिकेली मनातल्या मनात देवाची करुणा भाकत होता. हे पाप आहे, हेही त्याला कळत होतं.

शेवटी त्यानं आवाज कमी करायला लावला आणि गवतावर डब्याशेजारी बसला. दोन कडव्यांच्या मधे बायका श्वास घेतात, ती जागा आली. तिथं श्वास ऐकू आला. लांब कुठंतरी एक कुत्रं भुंकलं. आणि मग अगदी हळू, पण स्वच्छ, एका पुरुषाचा आवाज आला: "नेमानी, वायरला हात लावू नकोस."

नेमानी हसत सुटला. "तवाले, हा तर तूच. तेव्हाही असाच खेकसायचास."

"असेन," इसिकेली म्हणाला.

अकरा वर्षं हे गाणं त्यानं आपल्या डब्यांवर वाजवलं होतं, त्याच्या स्वतःच्या तोंडचं वाक्य त्याच्या डब्यांनी त्याला कधी ऐकवलं नव्हतं. ते या काल आलेल्या पातेल्यानं ऐकवलं. इसिकेलीला वाटलं, उचलावा हा डबा आणि फेकून द्यावा समुद्रात. त्याला नेमानीचा राग आला, नेमानीच्या नव्या चपलांचा आला, हसताना दिसणाऱ्या त्याच्या दातांचाही आला.

घरी आल्यावर तो अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. डबा वाईट आहे म्हणावं, तर गावाला कान होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. चांगला आहे म्हणावं, तर चौथी करवंटी गेली. मग त्याला तिसरी वाट सुचली आणि तो जागच्या जागी थांबला.

केरेकेरे. नात्यातल्या माणसानं मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. आणि चारचौघांत तोंडभरून वाखाणलं, तरी ते मागितल्यातच जमा.

"लूसेच्या बाबा," मेरेओनी म्हणाली. एकोणीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याची चाल पाठीवरूनच ओळखू यायची. "तुम्ही तो डबा मागणार आहात."

"मी फक्त खरं बोलणार आहे."

"खरं बोलायला एवढ्या येरझाऱ्या लागत नाहीत. घ्या, पण सांगून ठेवते. घेणाऱ्याचा हात खाली असतो."

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे सभाघरात बसले. इसिकेली उठला आणि आयुष्यात बोलला नव्हता इतकं चांगलं बोलला. जाड आवाज फाटत नाही, बारीक टोचत नाही, सत्तर पावलांवर शब्द न् शब्द लागतो, चार माणसांच्या अंगमेहनतीचं काम हा एकटा करतो. "अकरा वर्षांपूर्वीचा श्वास यानं मला ऐकवला. असा आवाज मी जन्मात ऐकला नाही." आणि त्यानं नेमानीकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर कळ उठलेली त्याला बघायची होती.

नेमानीनं डबा उचलला, गुडघ्यांवर सरकत आला आणि त्याच्यापुढे ठेवला. "मग तुझाच, तवाले."

तो हसत होता. सभाघरात टाळ्यांचा कडकडाट झाला. इसिकेलीला क्षणभर वाटलं, टाळ्या आपल्यासाठी आहेत. मग त्यानं नीट पाहिलं. सगळे नेमानीकडे बघत होते.

मेळ्याच्या दिवशी इसिकेली पहाटे उठला, इस्त्रीचा सुलू नेसला आणि डब्याशेजारी जाऊन उभा राहिला. पण उभं राहून करायचं काय? ओढायला वायर नव्हती, फिरवायला बटणं नव्हती. पाद्रीबाबांच्या मुलीनं आपला फोन जोडला आणि डबा तिचं ऐकू लागला. दुपारी शेजारच्या गावच्या मास्तरणीनं जोडला, त्यानं तिचंही ऐकलं. येणारा जाणारा म्हणे, "हाच का तो नेमानीचा डबा? काय दिलदार माणूस." एका म्हाताऱ्यानं तर इसिकेलीलाच विचारलं, "नेमानीनं तुला राखायला ठेवलंय होय?"

संध्याकाळी सात गावांचे लोक यांगोनाभोवती बसले. पहिली करवंटी वाइसाकेंना गेली, दुसरी, तिसरी गेली. इसिकेलीनं टाळीसाठी हात वर घेतले. करवंटी त्याच्या नाकासमोरून नेमानीकडे गेली. पाचवी त्याला मिळाली. यांगोना तीच होती, पण त्याला ती नुसती चिखलासारखी लागली.

त्यानंतर आठवडाभर तो डबा इसिकेलीच्या घरी क्वचितच राहिला. कुणी ना कुणी वाखाणत येई आणि घेऊन जाई. तो द्यायचा, आणि नाव नेमानीचं व्हायचं.

पुढच्या शनिवारी दुपारी नेमानी अंगणात आला. विलायती फणसाच्या झाडाखाली इसिकेलीचे जुने डबे ताडपत्री पांघरून पडले होते, आणि वर एक कोंबडी बसली होती. नेमानीनं कोंबडी हाकलली, ताडपत्री काढली आणि बराच वेळ बघत राहिला.

"असा आवाज मी जन्मात ऐकला नाही," तो म्हणाला. "ऑस्ट्रेलियातसुद्धा नाही."

"टर उडवू नकोस, तवाले. आज माझं डोकं ठिकाणावर नाही."

"टर नाही. लहानपणापासून मला यांच्यामागं बसायचं होतं. सगळं गाव तुझ्याकडं बघायचं, आणि मी वायरीपाशी आलो की तू खेकसायचास. एवढी जळायची माझी. वयात आलो, मिशा आल्या, तरी खेकसायचास." तो डब्यावरची धूळ तळहातानं पुसत होता. "तीन वर्षं पै पै साठवली. दुकानात मोठे मोठे होते. मी हाच घेतला, कारण याला वायरच नाही."

जळणारा आपण एकटाच, असं इसिकेली आजवर धरून चालला होता. ओसरीवर मेरेओनी शहाळं सोलायची थांबली होती. रिवाज तिलाही ठाऊक होता.

"घेऊन जा," इसिकेली म्हणाला.

दोघांनी मिळून डबे नेमानीच्या ओसरीवर नेले. बघता बघता माणसं जमली, चटया पडल्या. नेमानी डब्यांच्या मागं गुडघे टेकून बसला, तोंडानं वायरीचं टोक सोललं, आणि लाल वायर सरळ काळीच्या भोकात घालायला लागला. जमलेले सगळे त्याच्याकडे बघत होते.

इसिकेलीचे ओठ उघडले. अकरा वर्षांपूर्वीचं ते वाक्य पुरतं तयार होऊन जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं, चटईवर बसला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.