उपटलेला केस

मेइचेननं लेकीची मान खाली वाकवली आणि केस बाजूला सारले. कानामागे नाण्याएवढं टक्कल पडलं होतं. तिनं बोटानं चाचपून पाहिलं. पुरळ नव्हतं, नायटाही नव्हता. गावी येऊन बारा दिवस झाले होते आणि परवा सकाळच्या बसनं तिला शेन्झेनला, कारखान्यात परतायचं होतं. त्यात आता हे.

सासूबाई लिची सोलत बसल्या होत्या. काही नाही ते, असं त्या म्हणाल्या. टीव्हीतला वानरराजा केस उपटून फुंकतो आणि एकाचे दहा होतात, ते बघून सुट्टीभर हेच चाललंय.

"देवाची लेक ती. आपलं कुठं ऐकायला!"

जन्माच्या पहिल्या वर्षी रुईरुई सतत आजारी पडायची, तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे सासूबाईंनीच तिला देवळातल्या वानरराजाच्या ओटीत घातलं होतं. सोळावं संपेपर्यंत ती त्याची. कॉलेज शिकलेल्या मेइचेनला हे कधी पटलं नाही, पण लेकीच्या गळ्यातला लाल दोरा काढायची छातीही तिची झाली नव्हती.

तिनं टीव्ही बंद केला. रुईरुई रडली नाही.

"कशाला उपटतेस गं?"

"सराव करते."

"कसला सराव?"

पोरगी आतून बिस्किटांचा डबा घेऊन आली. डब्यात लांब, काळ्या केसांचा गुंता होता. बारा दिवस आपला कंगवा रोज स्वच्छ कसा सापडायचा, ते मेइचेनला आत्ता कळलं.

"तुझे आहेत. पण गळालेल्यानं होत नाही," रुईरुई म्हणाली. "उपटलेलाच लागतो."

सासूबाईंचे हात थांबले. मेइचेननं अंबाडा सोडला आणि लेकीकडे पाठ करून जमिनीवर बसली. टाळूवर चुटकन दुखलं. मग मानेला ऊन फुंकर लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस वेळेवर आली. दर खेपेला रुईरुई तिच्या पायांना मिठी घालायची, सासूबाईंना एकेक बोट सोडवावं लागायचं. या वेळी तिनं स्वतःच पिशवी ढकलत पायरीपर्यंत नेली. मेइचेन खिडकीतून वाकली. आजीचं ऐक, रात्री पांघरूण घे, केसांना हात लावू नकोस, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"नाही लावणार आता," रुईरुई समजुतीच्या सुरात म्हणाली. "तू जा. आई घरी आहे."