सोळा तारखेची गाठ

मी थापा मारते, हे सगळ्या भिंगारला ठाऊक हाय. माझ्या गोष्टीतली म्हैस एकटी पुन्याला जाऊन येती. पर शेजारच्या अमीरच्या जन्माची गोष्ट निम्मी खरी हाय.

एकाहत्तरची लढाई चालली हुती. अमीरचा बाप मोहियोद्दीन फौजेत ट्रक चालवायचा, तो तिकडं ढाक्याच्या बाजूला. इकडं सोळा डिसेंबरला खातूनभाभीला कळा सुरू झाल्या. मी पंधरा वर्सांची, चुलीवर पानी तापवीत बसलेले. सांजच्याला हाटेलातल्या रेडिओनं सांगितलं, ढाक्यात दुश्मनानं हत्यारं टाकली. बाजारात लोक नाचाय लागले, आन् त्याच घटकेला आत पोरगं रडलं.

इथवर खरं.

आठ दिसांनी तार आली. लढाई संपल्यावर ट्रक सुरुंगावर गेला, मोहियोद्दीनभाई गेले. भाभी जेवंना, लेकराला पाजंना. एकच विचारायची, "त्यांना कळलं तरी हुतं का गं, रतन?"

मग मी थाप मारली. "कळलं की. पोरगं इथं रडलं, ते भाईंनी तिथं ऐकलं. सगळ्या पलटनीला गूळ वाटला."

त्या दिशी भाभीनं अर्धी भाकरी खाल्ली.

तवापासून दर सोळा डिसेंबरला मी अमीरला गूळ नेते आन् ही गोष्ट सांगते. दर साली थोडी वाढवते. एकदा तर त्याच्या रडन्यानं दुश्मनाची इमानं माघारी फिरवली.

भाभी मागल्या साली गेली. यंदा गूळ घेऊन गेले, तर अमीर म्हनला, "मावशी, आज इमानं नको. अब्बांना माझं कळलं हुतं का न्हाई, एवढंच सांग." चोपन्न वर्सांचा बाप्या, दाढी पांढरी, आन् डोळे पार त्याच्या अम्मीचे.

"न्हाई रं," म्हनलं. "ते मी बनवलं."

त्यानं हातातला गुळाचा खडा बशीत परत ठेवला.

तेवढ्यात दारात एक म्हातारा आला, छातीवर मेडलं. काष्टी गावचा बिभीषण म्हनून. छावनीत इजय दिवसाच्या कार्यक्रमाला आलेला, मोहियोद्दीन ड्रायव्हरचं घर इचारत इचारत आला.

"आमी एकाच ट्रकवर हुतो," खाली बसत तो म्हनला. "तो गेला, मी वाचलो. कुठल्या तोंडानं यायचं तुमच्या घरी? म्हनून इतकी वर्सं आलो न्हाई."

रुमालातनं त्यानं एक दोरा काढला. "मोहियोद्दीनला त्याच्या बायकोनं गाठी मारून दिल्ता. रोज सकाळी एक सोडायचा. शेवटली सोळा तारखेला सोडली. म्हनला, आज माझ्या घरी लेकरू आलं. आमी हसलो. तार न्हाई, टपाल न्हाई, तुला रं कसं कळलं? सांजच्याला तोफा गप झाल्या, तवा त्यानं पेटीतनं गूळ काढून समद्यांना वाटला."

अमीर माझ्याकडं बघाय लागला. गुळाची गोष्ट तर मी बनवली हुती.

मी दोरा हातात घेतला आन् ओळखला.

"अमीर, आता खरं ऐक. सुईनीनं बाळंतपनाला उरलेले दिवस मोजून दिले, भाभीनं तेवढ्या गाठी मारल्या. दुसरं टोक मी धरलेलं. सुईनीचा शेवटला दिवस पंधरा तारीख. भाभी जरा आत गेली, तवा मी चेष्टेनं एक गाठ जास्त मारली."

अमीरला हसू आलं. "झाली सुरू मावशी."

बिभीषणबी हसला.

जन्मात पैल्यांदा खरं बोलले, तर ही गत. मी दोरा दारातल्या उजेडात धरला. गाठी सुटून चोपन्न वर्सं झाली, तरी जिथं जिथं गाठ हुती तिथं दोरा अजून मुरडलेला. समद्या बोट-बोट अंतरावर, एकसारख्या. भाभीचा हात. शेवटली तेवढी आधलीला खेटून, वाकडी.

अमीरनं त्या वाकड्या जागेवर बोट ठेवलं. लई वेळ उचललं न्हाई. मग बशीतला खडा घेतला, अर्धा बिभीषणला दिला, आन् अर्धा आपल्या तोंडात टाकला.