चमच्यांचा खण

"वळण!" बाबा ओरडले आणि मागे बसलेल्या बारक्यानं दोन्ही पाय खणाला लावले.

गाडी एका अंगाला कलली. फळीवरचे पेले एकमेकांवर आपटले, आईच्या मांडीवरची पिशवी दारापर्यंत घसरत गेली, पण चमच्यांचा खण जागचा हलला नाही. वळण सरलं तसे बारक्यानं पाय काढले आणि तो पुढच्या वळणाची वाट बघत बसला. चाळिशीला टेकलेला, गाडीत शिरताना कमरेतून वाकावं लागणारा गडी. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून पडलेलं नाव मात्र अजून सुटलं नव्हतं.

"अहो, सगळा जन्म सुतारकामात गेला तुमचा," आई पिशवी उचलत म्हणाली. "या खणाला एक खिट्टी लावता येत नाही?"

"येते की," बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "मग तो दिवसभर काय करेल?"

घाट चढतच होता. खाली दरीत ढग साचले होते आणि वर, उत्तरेकडे, बर्फानं झाकलेली शिखरं दिसू लागली होती. हौसेनं आलेल्या माणसानं गाडी थांबवून फोटो काढले असते. आईनं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

सामान वाहून म्हातारी झालेली ही गाडी बाबांनी हातानं सजवली होती. पलंग भिंतीत मिटायचा, टेबल पलंगातून निघायचं, शेगडी झाकली की बसायला बाक व्हायचा. डोंगरातली हवा खायची आणि वाटेत सगळ्यांना भेटून घ्यायचं, असं सांगून ते निघाले होते. या वयात काय हा उत्साह, म्हणून शेजाऱ्यांनी तोंडभर कौतुक केलं. आईनं ते हसून घेतलं, कारण खरं सांगायला जीभ रेटत नव्हती. बारक्याला ठेवून घेईल असं घर शोधायला ते निघाले होते.

बाबांच्या हृदयानं दोनदा इशारा दिला होता. मग या उन्हाळ्यात डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि आईला तिच्या स्वतःच्या दुखण्याबद्दल स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बारक्या लाकूड घासून आरशासारखं करतो, कपड्यांच्या घड्या तिच्याहून नीट घालतो. पण जेव म्हटल्याशिवाय जेवत नाही, आणि कुणी आवाज चढवला तर भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास उभा राहतो. अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्था असतात. एक ते पाहूनही आले होते. पुन्हा तिकडं फिरकले नाहीत.

पहिला मुक्काम दिराकडे झाला. तिथं आईनं धीर करून विषय काढला. जाऊ ताटं उचलायच्या निमित्तानं उठून गेली. दीर बराच वेळ टेबलावरचा डाग नखानं खरवडत राहिले आणि म्हणाले, "आमचंच पुढं कोण बघणार, वहिनी?" त्यांचंही चूक नव्हतं, आणि तेच आईला जास्त लागलं. त्यापुढचा मुक्काम बाबांच्या कारखान्यातल्या मित्राकडे झाला. तिथं बाबा सागवान आणि शिसव यांच्यावर भरभरून बोलले. जे विचारायचं ते सोडून सगळं बोलले.

त्यात बारक्यानं दोन्ही घरी लाज आणली. गेल्या गेल्या तो खोल्याखोल्यांतून हिंडायचा, गाद्या दाबून बघायचा, न्हाणीघरात डोकावायचा आणि यजमानाला विचारायचा, "जिना आहे का?" मग त्याला हाताला धरून अंगणात न्यायचा आणि काहीतरी पुटपुटत राहायचा. पोराला कळलंय, आईला वाटायचं. आपल्याला टाकून जाणार आहेत हे कळलंय, आणि बिचारा स्वतःसाठी खोली बघतोय. निघताना मित्रानं बाबांचा हात बराच वेळ सोडला नव्हता, आणि मानही वर केली नव्हती.

आता उरली होती ती आईची धाकटी बहीण. खिंडीच्या पलीकडे तिचं घर होतं. तिथून पुढं रस्ता होता, आपलं माणूस नव्हतं.

मावशी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्याभोवती कापडाचे ढीग, आणि तिच्या ओठांत कायम टाचण्या. टाचण्या तोंडात धरूनही ती बोलायची, आणि बोलणं टाचण्यांपेक्षा बोचरं.

"आलात? मला वाटलं, माझी आठवण माझ्या तेराव्यालाच होणार," ती म्हणाली आणि बारक्याकडे मान वर करून बघितलं. "हा अजून वाढतोच आहे की काय?"

बारक्या खोल्या बघायला केव्हाच आत गेला होता. थोड्या वेळानं बाहेर येऊन त्यानं विचारलं, "मावशी, जिना नाही?"

"नाही रे बाबा. जमिनीवरची माणसं आम्ही."

बारक्याचा चेहरा उजळला. तिला हाताला धरून तो मागच्या अंगणात घेऊन गेला. धुतलेले कपडे वाळत घालायचे होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला दोघांची पाठ दिसत होती. बारक्या एकेक कपडा झटकून देत होता आणि बोलत होता. मावशीचे हात मध्येच थांबले.

"आज विचार तू," बाबा खुर्चीत मिटून बसले होते. "माझ्यानं होत नाही."

"आणि नाही म्हणाली तर?"

आई मनातल्या मनात वाक्य जुळवू लागली. कसंही सुरू केलं तरी ते विनवणीवरच येऊन पडत होतं. लाज, स्वाभिमान, बहिणींमधले जुने रुसवेफुगवे, सगळं गुंडाळून ठेवायला ती तयार होती. पाय धरायलाही तयार होती.

मावशी एकटीच आत आली. ओठांत टाचण्या नव्हत्या.

"अगं, मला तुझ्याशी—" आईनं सुरुवात केली.

"ताई, तू गॅस बंद करायला विसरतेस म्हणे?"

आईची नजर शेगडीकडे गेली.

"औषध नंतर घेते म्हणतेस आणि घेत नाहीस. पाणी हातात देऊन समोर उभं राहावं लागतं. भावजींना जिना चढला की धाप लागते. तुम्ही दोघं भांडता, पण घाबरायचं नाही, लगेच गप्प होता." मावशी ओट्याला टेकून उभी राहिली. "हे सगळं त्यानं सांगितलं मला. शिकवून ठेवल्यासारखं."

"कशासाठी?"

"तुम्हाला दोघांना ठेवून घेशील का, म्हणून विचारत होता. काकांनी नाही म्हटलं, बाबांच्या मित्राकडे जिना होता. इथून पुढं आमचं कुणी नाही, म्हणाला."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई ओटा धरून उभी राहिली, आणि जुळवून ठेवलेलं ते वाक्य तिला पुन्हा आठवलंच नाही.

"मी विचारलं, आणि तू रे कुठं राहणार?" मावशी म्हणाली. "तर म्हणतो, मी गाडीत. खण धरायला कुणीतरी लागतं."

एवढ्यात पुढचं दार ढकलून बारक्या आत आला. एका काखेत बाबांची पिशवी, दुसऱ्या काखेत आईची. मघाशी गादी दाबून बघितलेल्या खोलीत त्यानं दोन्ही पिशव्या पलंगाशी शेजारी शेजारी ठेवल्या, आईच्या पिशवीतून औषधाचा डबा काढून उशाशी ठेवला आणि परत जायला वळला. त्याची स्वतःची पिशवी त्यानं आणली नव्हती.

"थांब तिथंच," मावशी म्हणाली.

ती तरातरा बाहेर गेली. गाडीत काहीतरी जोरात खडखडलं. बाबा अर्धवट उठले, पुन्हा बसले. मावशी परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत चमच्यांचा खण होता, अख्खाच्या अख्खा, गाडीतून ओढून काढलेला. तिनं तो जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला.

बारक्यानं घाईघाईनं जवळ येऊन एक हात खणाला लावला.

"इथं वळण नाही रे," मावशी म्हणाली. "सोड तो, आणि चमचे मांड. चौघांचे."