एक कॅसेट, एक सीडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आर्वीच्या बाजारातल्या एका व्हिडिओच्या दुकानात, माळ्यावर, फाटक्या पडद्यांच्या गठ्ठ्याशेजारी पडून असतो. माझ्या पोटात उंदरांनी बिऱ्हाड केलं आहे. माझी तक्रार नाही. माझ्या हातून जे झालं, त्यापुढे ही शिक्षा हलकीच म्हणायची.

२००१ साली दुकानाचे मालक योगेंद्र मला नागपूरहून घेऊन आले, तेव्हा मला हार घातला होता. नव्वदच्या दशकात त्यांनी तालुकाभरच्या लग्नांचं शूटिंग करून कॅसेटी भरल्या होत्या. पुढे घरोघरचे व्हीसीआर बिघडले, पेटीतल्या कॅसेटींना बुरशी लागली, आणि लोक म्हणू लागले, याची सीडी करून द्या. ते काम माझ्याकडे आलं.

ते कसं चालतं, तेही ऐका. चित्रफितीत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. सगळी जशीच्या तशी ठेवायची तर माझ्यासारखे चार संगणकही पुरायचे नाहीत. म्हणून ती आखडावी लागतात. आखडण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात, आणि त्या रीतीने राबणाऱ्या प्रोग्रामला एन्कोडर. मागच्या चित्रातलं जे पुढच्यात तसंच आहे, ते पुन्हा लिहायचं नाही. फक्त बदललेलं लिहायचं. बसलेला माणूस थोडक्यात मावतो. धावणाऱ्याला जागा लागते. जागा नसली की बारकावे टाकून द्यायचे आणि तिथे एकरंगी चौकोन भरायचे. टाकलेलं कुठेही जमा होत नाही, हे लक्षात ठेवा.

नीट काम करायचं तर तीन तासांच्या कॅसेटला तीन सीड्या लागत. लोकांना एकच हवी होती. दर सेकंदाला किती जागा द्यायची, तो एन्कोडरचा आकडा योगेंद्रनी पार खाली आणला आणि तीन तास एका सीडीत कोंबले. दारावर पाटी लागली, 'एक कॅसेट, एक सीडी'. खाली बारीक अक्षरांत होतं, 'जुनी कॅसेट जमा करावी'. जमा झालेल्या कॅसेटी ते पुढच्या लग्नात पुन्हा भरत. तीन तासांचं लग्न पुरीएवढ्या चकतीत मावलेलं पाहून लोक माझी वाहवा करीत, आणि मीही फुगत असे.

काम तपासायची योगेंद्रची एक पद्धत होती. लग्नाची प्रत्येक कॅसेट गणपतीच्या चित्राने सुरू होते, मग वधूवरांची नावं. गणपती डावलून मधूनच कसं पाहायचं? ते गणपती पाहत, "पास" म्हणत आणि सीडी पाकिटात घालत. गणपती हलत नाही, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. मला ते ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं.

२००३च्या उन्हाळ्यात रोहण्याच्या सुलोचनाबाई आल्या. घरच्या मळ्यातली वांगी बाजारात विकून, रिकामी टोपली घेऊनच त्या दुकानात शिरल्या. पदराआडून त्यांनी कॅसेट काढली. त्यांची लेक ज्योत्स्ना हिच्या लग्नाची, १९९५ची. ज्योत्स्ना चार वर्षांनी बाळंतपणात गेली होती.

"भाऊ, बाकीचं लगन नाई दिसलं तरी चालते," त्या म्हणाल्या. "वरात यायच्या आंधी ते आंगणात मैत्रिणीईसंगं नाचली, अन् मंग माह्याकडे धावत आली. तेवढं नीट येऊ द्या. फोटोत ते गुमसुम बसली हाय. माही पोरगी तशी नव्हती."

"काकू, तुमी बेफिकीर राहा," योगेंद्र म्हणाले.

मी काम सुरू केलं. गणपती झाला, हळद झाली. मग अंगण आलं. फिरणारे पदर, उडणारी धूळ, हलणारा कॅमेरा, आणि त्यात ती गिरक्या घेत होती. सगळंच बदलत होतं आणि माझ्याजवळ जागा नव्हती. मी आधी तिच्या पापण्या टाकल्या. मग ओठ, मग नाक. ती आईकडे धावली तेव्हा तिच्या चेहऱ्याचे नऊ-दहा चौकोन तेवढे उरले. योगेंद्रनी गणपती पाहिला आणि काम पास केलं. पुढच्या आठवड्यात त्याच कॅसेटवर गिरडचं एक लग्न भरलं गेलं.

पंधरा दिवसांनी सुलोचनाबाई परत आल्या. "भाऊ, गणपती चांगला दिसून राह्यला. माही पोरगी काऊन दिसत नाई?"

योगेंद्रनी सीडी लावली आणि अंगणापाशी थांबवली. त्यांचा चेहरा उतरला. कॅसेट पुसली गेली, हे त्यांना तेव्हाच सांगता आलं असतं. त्यांची जीभ रेटली नाही. "काकू, याच्यापेक्षा भारी मशीन येणार हाय. तिच्यावर साफ होईन. थोडं थांबा."

बाई थांबल्या. वांगी विकायला आल्या की दुकानात डोकावत. "आली का हो मशीन?" एवढंच विचारत. असं पाच वर्षं चाललं. खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण हे खोटं पाच वर्षं रोहण्याहून आर्वीला चालत येत होतं.

२००८ साली नवी मशीन खरंच आली. मला माळ्यावर चढवलं. बाई आल्या, सीडी नव्या मोठ्या पडद्यावर लागली. चौकोन तेवढे मोठे झाले.

"काकू, मले माफ करा," योगेंद्र खाली पाहत म्हणाले. "तुमची कॅसेट मीच पुसली. हे आता कोणत्याच मशीनले जमणार नाई."

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत.

"मी हे रोज लावून पाहत होती, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता डोळे मिटले तरी मले ते अशीच दिसते. चौकोनाची. पह्यले कशी होती, ते आठवतच नाई."

मित्रांनो, जतन करायला निघाल तेव्हा काय मावेल हे विचारू नका. काय टाकलं जाणार आहे, ते आधी विचारा. तुमचा जीव ज्या चेहऱ्यात आहे तो हलताना, हसताना पाहून घ्या, आणि मगच पास म्हणा. आणि मूळ कॅसेट, तिला कितीही बुरशी लागली असली तरी, कोणाकडे जमा करू नका.